अंड्यावर असलेल्या, म्हणजे अंडी देत असलेल्या, कोंबडीचे रक्त वेगळे का दिसते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच शेडमधल्या पाच पक्ष्यांचे रक्त तपासायला दिले. १४ आठवड्यांच्या तलंगेत (अजून अंडी देऊ न लागलेल्या तरुण कोंबडीत) एकूण प्रथिने ३.८ ग्रॅम प्रति डेसिलिटर, अल्ब्युमिन १.६, कॅल्शियम १०.५ मिलिग्रॅम. ३० आठवड्यांच्या, रोज अंडे देणाऱ्या कोंबडीत प्रथिने ५.७, अल्ब्युमिन १.७, कॅल्शियम २६, आणि सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव) पातळ दुधासारखे. कोंबड्यात प्रथिने ४.१, कॅल्शियम १०.६. महिनाभर खुडूक (अंडी द्यायचे थांबवून उबवायला) बसलेल्या कोंबडीत प्रथिने ४.२, कॅल्शियम ११.५. पाचवी कोंबडी ४० आठवड्यांची, वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलेली, तीन आठवड्यांत एकही अंडे नाही. तरी प्रथिने ५.९, कॅल्शियम २५ आणि सीरम दुधाळ. अहवालावर दुसऱ्या आणि पाचव्या पक्ष्यापुढे ‘यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार संभवतो’ असा शेरा आहे. विचारणा अशी, की एवढा फरक नुसत्या हार्मोनमुळे पडतो का, नेमकी कोणती प्रथिने वाढतात, आणि यावरून कोंबडी अंड्यावर आहे की नाही हे ओळखता येते का.

दुसऱ्या कोंबडीबद्दल आधी सांगतो, म्हणजे काळजी मिटेल: ती निरोगी आहे. तिचा अहवाल अंड्यावर नसलेल्या पक्ष्याच्या मापाने वाचला गेला, एवढीच चूक. ही चूक मीही केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी कॅल्शियम २८ बघून मी एका कळपाच्या मूत्रपिंडांवर संशय घेतला होता आणि खाद्य बदलायला लावणार होतो. माझ्या वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला, “अंडी किती येतायत?” उत्पादन उत्तम होते. त्यानंतर रक्ताच्या कोणत्याही आकड्याकडे बघण्याआधी मी हाच प्रश्न विचारत आलो आहे. पाचव्या कोंबडीचे प्रकरण वेगळे आहे, त्याकडे शेवटी येतो.

तलंग आणि कोंबडा यांचे रक्त जवळजवळ सारखेच असते, हे तुमच्याच आकड्यांत दिसते. अल्ब्युमिन, ट्रान्सफेरिन, फायब्रिनोजेन, चरबी वाहून नेणारी थोडी प्रथिने, आणि प्रतिकारशक्तीची इम्युनोग्लोब्युलिन्स, एवढा सारा पसारा. इम्युनोग्लोब्युलिन्स सोडली तर बाकी बहुतेक सगळे यकृतात तयार होते. वयात येईपर्यंत नर आणि मादीच्या यकृतात या बाबतीत विशेष फरक नसतो. दोघांच्याही यकृतात बलकाची प्रथिने बनवण्याची जनुके असतात. ती फक्त मिटलेली असतात.

ती उघडते कोण, तर इस्ट्रोजेन. शेडमध्ये उजेडाचे तास वाढले की त्याची खबर कवटीतून आत शिरणाऱ्या प्रकाशामार्फत थेट मेंदूला लागते, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही हार्मोन्स सोडते आणि अंडाशय जागे होते. इथे पक्ष्यांची एक खासियत लक्षात ठेवावी. कोंबडीत इस्ट्रॅडिओल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, मुख्यतः लहान फॉलिकलच्या (अंडाशयातल्या, अंडपेशी वाढवणाऱ्या पिशवीच्या) बाहेरच्या आवरणातल्या पेशी बनवतात. सर्वांत मोठे, उद्या-परवा सुटणारे फॉलिकल त्या कामातून जवळपास निवृत्त झालेले असते. ते प्रोजेस्टेरॉन बनवते आणि अंडे सुटण्याचा इशारा देते. त्यामुळे इस्ट्रॅडिओलची सर्वांत मोठी लाट पहिल्या अंड्याच्या आधी, साधारण दोन-तीन आठवडे, येऊन जाते. भर उत्पादनात पातळी त्याहून खाली असते, पण यकृताला कामाला लावायला ती पुरते. याच सुमारास अँड्रोजेनमुळे तुरा लाल होऊन भरतो, इस्ट्रोजेन आणि अँड्रोजेन मिळून लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा बांधू लागतात, आणि यकृत मोठे, फिकट, पिवळसर होते. तलंग अंड्यावर येतेय हे अनुभवी माणूस तुऱ्यावरून आणि कमरेच्या हाडांतल्या अंतरावरून ओळखतो. रक्ताला ते त्याच्याही आधी कळलेले असते.

इस्ट्रॅडिओल यकृताच्या पेशीत शिरून आपल्या रिसेप्टरला, म्हणजे त्याला ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला, चिकटते. ही जोडी डीएनएवरच्या ठरावीक जागी जाऊन बसते आणि तिथले जनुक सुरू होते. शिवाय इस्ट्रोजेन असेपर्यंत त्या जनुकाचा संदेश, म्हणजे एमआरएनए, पेशीत जास्त काळ टिकतो. नळ उघडणे आणि गळती बंद करणे, दोन्ही कामे एकच हार्मोन करते. म्हणून वाढ हळूहळू न होता उसळी मारून होते.

आता मुख्य प्रथिन, व्हिटेलोजेनिन. तलंगेत आणि कोंबड्यात ते जवळजवळ शून्य, आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीत प्लाझ्माच्या (रक्तातल्या द्रव भागाच्या) मुख्य प्रथिनांपैकी एक. रेणू अवाढव्य आहे. एक साखळी सुमारे २४० किलोडाल्टनची आणि रक्तात अशा दोन साखळ्या जोडीने फिरतात. त्याला चरबी चिकटलेली असते, फॉस्फेट भरपूर असते आणि फॉस्फेटला धरून कॅल्शियम. कोंबडीत त्याची तीन जनुके आहेत, त्यांतले दुसऱ्या क्रमांकाचे सर्वांत जास्त काम करते. अंडपेशीत पोचल्यावर कॅथेप्सिन डी नावाचे विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करते: लिपोव्हिटेलिन, फॉस्व्हिटिन आणि आणखी काही. फॉस्व्हिटिनमधली निम्म्याच्या आसपास अमिनो आम्ले एकटी सेरीन आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर फॉस्फेट बसवलेले असते. कॅल्शियम आणि लोह धरून ठेवायला इतकी योग्य रचना दुसरीकडे क्वचितच सापडेल.

हे किती मोठे काम आहे ते एका ढोबळ हिशेबाने कळते. एका बलकाचे वजन १७-१८ ग्रॅम धरा. त्यात निम्मे पाणी, सुमारे ६ ग्रॅम चरबी आणि ३ ग्रॅमच्या आसपास प्रथिने. ही जवळजवळ सगळी यकृतात बनून रक्तातून अंडाशयात जातात. दीड-पावणेदोन किलोच्या, अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीच्या अंगात प्लाझ्मा असतो सुमारे ८० मिलिलिटर, आणि ५.७ च्या दराने त्यात एकूण प्रथिने भरतात साडेचार ग्रॅम. म्हणजे कोणत्याही क्षणी रक्तात जेवढे प्रथिन आहे, त्याच्या जवळपास दोनतृतीयांश इतके प्रथिन दर दिवशी बलकात उतरते आणि यकृत तेवढे पुन्हा भरून काढते. एका वेळी पाच-सहा पिवळी फॉलिकल वाढत असतात आणि प्रत्येकाचा जोराचा वाढकाळ साधारण ७ ते ११ दिवसांचा, पण रोज एक अंडे सुटते म्हणजे रोजचा एकूण माल एका बलकाइतकाच. तुमच्या अहवालातला ५.७ हा आकडा साठा दाखवत नाही. वाहत्या पाण्याची एका क्षणाची पातळी दाखवतो.

तुमच्याच आकड्यांची वजाबाकी करून बघा. तलंगेत ३.८ उणे १.६, म्हणजे ग्लोब्युलिन २.२. कोंबडीत ५.७ उणे १.७, म्हणजे ४.०. अल्ब्युमिन जागच्या जागी, ग्लोब्युलिन जवळजवळ दुप्पट. अहवालात ग्लोब्युलिन म्हणून येतो तो असा वजाबाकीतून उरलेला आकडा असतो, आणि व्हिटेलोजेनिन व बलकाची इतर प्रथिने त्याच पोत्यात जाऊन पडतात. काही जण अंड्यावरच्या कळपात ग्लोब्युलिन वाढलेले बघून ‘प्रतिकारशक्ती वाढली’ म्हणतात, आणि एखाद्या टॉनिकला त्याचे श्रेय देतात. तलंग अंड्यावर आली, एवढाच त्याचा अर्थ.

अल्ब्युमिन मात्र वाढत नाही. बऱ्याचदा किंचित उतरते. एक तर यकृताचा कच्चा माल आणि वेळ दुसरीकडे वळलेला असतो. दुसरे, इस्ट्रोजेनमुळे प्लाझ्माचे आकारमान वाढते आणि रक्त थोडे पातळ होते. याच कारणाने अंड्यावरच्या कोंबडीचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ३० टक्क्यांच्या आसपास राहतो, तर कोंबड्यात टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर तो ४० च्या पुढे जातो. दोघांना एकच माप लावून कोंबडीला रक्तक्षय ठरवण्याचे प्रकारही मी पाहिले आहेत.

कॅल्शियमकडे वळू, कारण शेरा मारणाऱ्याला खरा धक्का त्यानेच दिला असणार. सस्तन प्राण्यात एकूण कॅल्शियम २६ झाले तर तो प्राणी उभाच राहणार नाही. कोंबडीत ते सहज २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत जाते आणि तिला काही होत नाही, कारण वाढलेला सगळा भाग प्रथिनाला बांधलेला असतो. स्नायू आणि नसांशी ज्याचा संबंध येतो ते मोकळे, आयनरूप कॅल्शियम ५ मिलिग्रॅमच्या आसपासच राहते, तलंगेत असते जवळपास तेवढेच. पुनरुत्पादनाच्या काळात पक्ष्यांच्या रक्तातले कॅल्शियम चढते हे फार जुने निरीक्षण आहे. ऑस्कर रिडल यांनी १९२६ मध्ये कबुतरांमध्ये ते मांडले होते. व्हिटेलोजेनिन हे नाव तर त्यानंतर चार दशकांनी आले, आणि तेही कीटकांच्या अभ्यासातून.

इथे एक गैरसमज अगदी जाणकारांमध्येही असतो. रक्तातले हे जादा कॅल्शियम कवचासाठी साठवलेले आहे असे मानले जाते. व्हिटेलोजेनिनला चिकटलेले कॅल्शियम जाते बलकात, पिलाच्या हाडांसाठी, आणि तेही एका बलकात पंचवीसेक मिलिग्रॅम. कवचाला दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम लागते आणि ते गर्भाशय (अंडनलिकेचा कवच बनवणारा भाग) रक्तातल्या आयनरूप कॅल्शियममधून उचलते. त्याची भरपाई आतडे आणि हाडातला साठा करतात. कवच बनत असताना रात्री आयनरूप कॅल्शियम थोडे खाली येते, तेव्हा एकूण आकडा मात्र चढलेलाच असू शकतो. म्हणून पातळ कवचाची तक्रार घेऊन कोणी एकूण कॅल्शियमची तपासणी करून आला, तर त्या कागदावरून मी काहीही सांगू शकत नाही.

सीरम दुधाळ का? बलकात जाणारी चरबी व्हीएलडीएल नावाच्या कणांतून जाते. पक्ष्यात चरबी बनवण्याचे मुख्य ठिकाण यकृतच आहे, आणि इस्ट्रोजेन तिथे या कणांचे उत्पादन कित्येक पटींनी वाढवते. पण नुसते प्रमाण वाढून भागत नाही. साधा व्हीएलडीएल कण ७० नॅनोमीटरच्या आसपास असतो. अंड्यावरच्या कोंबडीत तो ३० च्या जवळ येतो, म्हणजे फॉलिकलच्या आवरणातल्या बारीक फटींतून आत शिरू शकतो. आणि त्या कणावर एक छोटे, अवघ्या ८२ अमिनो आम्लांचे प्रथिन बसवलेले असते, त्याला ॲपो-व्हीएलडीएल-२ म्हणतात. लायपोप्रोटीन लायपेज हे विकर एरवी अशा कणांतली चरबी फोडून स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना देते. हे प्रथिन त्या विकराला कणाजवळ काम करू देत नाही. बलकासाठी निघालेला माल वाटेत उतरवला जाऊ नये म्हणून लावलेले सीलच म्हणा. या सगळ्या विषयात मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट हीच. हेही प्रथिन तलंगेत नसते आणि इस्ट्रोजेनशिवाय बनत नाही.

व्हिटेलोजेनिन आणि व्हीएलडीएल या दोन्हींना अंडपेशीच्या दारात एकच रिसेप्टर आत घेतो. हे कशावरून कळले, तर लेगहॉर्न जातीच्या कोंबड्यांत आढळलेल्या एका उत्परिवर्तनावरून, म्हणजे जनुकातल्या बदलावरून. त्यात या रिसेप्टरमधल्या एका सिस्टीनच्या जागी सेरीन येते. रिसेप्टर निकामी होतो, बलक भरत नाही, कोंबडी जवळजवळ अंडीच देत नाही, आणि यकृताने बनवलेला माल रक्तात तुंबून चरबी भयंकर वाढते. जनुक झेड गुणसूत्रावर आहे. कोंबडीकडे झेड एकच, म्हणून तिच्यात दोष उघडा पडतो. कोंबड्याकडे दोन, म्हणून तो वाहक असूनही ठणठणीत दिसतो आणि त्याच्या निम्म्या मुली अंड्याविना राहतात. आपल्या विषयासाठी यातला मुद्दा असा, की रक्तातली पातळी यकृत किती बनवते आणि अंडाशय किती उचलते या दोन्हींवर ठरते. हे पाचव्या कोंबडीला लागेल.

मुख्य दोन प्रवाशांबरोबर बरीच लहान मंडळी जातात. जीवनसत्त्वांना धरून नेणारी प्रथिने, म्हणजे रायबोफ्लेविन, थायमिन, बायोटिन यांची वाहक प्रथिने, इस्ट्रोजेनमुळे रक्तात येतात किंवा वाढतात. रायबोफ्लेविनच्या वाहकाचे महत्त्व सांगणारीही एक उत्परिवर्तित कोंबडी आहे: तिच्यात हे प्रथिन बनतच नाही, खाद्यातले रायबोफ्लेविन मूत्रावाटे वाहून जाते, आणि ती अंडी घालते पण त्यातला गर्भ १३ व्या दिवसाच्या आसपास मरतो. खाद्यात जीवनसत्त्व कितीही घाला, वाहक नसेल तर ते अंड्यापर्यंत पोचत नाही. ट्रान्सफेरिनही इस्ट्रोजेनने वाढते, पण माफक. शिवाय आईचे आयजीवाय हे प्रतिपिंड रक्तातून बलकात उतरते. १८९३ मध्ये क्लेम्पेरर यांनी धनुर्वाताविरुद्ध लस टोचलेल्या कोंबडीच्या बलकात संरक्षण सापडते हे दाखवले होते. आयजीवाय मात्र यकृताचे उत्पादन नाही आणि इस्ट्रोजेन त्याचे जनुक उघडत नाही. त्याला आत घेणारी सोय तेवढी अंडाशयात असते.

अंड्याचा पांढरा भाग या कथेत येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे, कारण विद्यार्थी इथे हमखास घसरतात. ओव्हाल्ब्युमिन, लायसोझाइम वगैरे अंडनलिकेच्या मॅग्नम या भागातल्या ग्रंथी स्वतः बनवतात. रक्तातून येतात ती फक्त अमिनो आम्ले. तिथेही हुकूम इस्ट्रोजेनचाच, सोबत प्रोजेस्टेरॉन. ट्रान्सफेरिन हा गमतीचा अपवाद: तेच एक जनुक यकृतात चालले तर रक्तातले ट्रान्सफेरिन होते आणि अंडनलिकेत चालले तर पांढऱ्यातले ओव्होट्रान्सफेरिन. अमिनो आम्लांची साखळी तीच, वर लावलेल्या शर्करेत तेवढा फरक.

‘नुसत्या हार्मोनमुळे?’ या तुमच्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर कोंबड्याने दिले आहे. कोंबड्याला इस्ट्रॅडिओलचे इंजेक्शन दिले की काही तासांत त्याच्या यकृतात व्हिटेलोजेनिनचा संदेश तयार होऊ लागतो, आणि एक-दोन दिवसांत रक्त अंड्यावरच्या कोंबडीसारखे दिसू लागते: दुधाळ, प्रथिने चढलेली, कॅल्शियम चढलेले. त्याच्याकडे अंडाशय नाही, माल उचलणारे कोणी नाही, म्हणून व्हिटेलोजेनिन साचत जाते आणि मग हळूहळू विरते. काही आठवड्यांनी दुसरे इंजेक्शन दिले तर प्रतिसाद पहिल्यापेक्षा लवकर आणि जोरात येतो. एकदा उघडलेले जनुक पुरते पूर्वीसारखे मिटत नाही. त्या भागातल्या डीएनएवरच्या मिथाइल खुणा इस्ट्रोजेनमुळे बदलतात हेही दिसले आहे. उलट बाजूने, टॅमॉक्सिफेन हे इस्ट्रोजेनला अडवणारे औषध कोंबडीला दिले की बलकाची प्रथिने घसरतात आणि अंडी थांबतात. याहून सरळ पुरावा मिळणे अवघड.

आता चौथी, खुडूक कोंबडी. खुडूक होताना प्रोलॅक्टिन चढते, एलएच उतरते, अंडाशयातली पिवळी फॉलिकल आतल्या आत विरघळतात आणि लहान फॉलिकलही इस्ट्रॅडिओल बनवायचे थांबवतात. यकृताला हुकूम देणारेच कोणी राहत नाही. नवे व्हिटेलोजेनिन बनणे थांबते, रक्तात असलेले काही दिवसांत निघून जाते, आणि प्रथिने, कॅल्शियम, सीरमचा रंग सगळे तलंगेच्या पातळीकडे परततात. तुमचे ४.२ आणि ११.५ हे तंतोतंत तसेच आहेत. पिसे झडण्याच्या काळातही शेवट तोच होतो, वाट थोडी वेगळी असते. उपासमार किंवा मोठा ताण आला की कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे हार्मोन वाढते, पिट्यूटरीकडून येणारा जोर ओसरतो आणि अंडाशय आकसते. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते: उपाशी पक्ष्याचे अल्ब्युमिनही उतरू शकते. खुडूक कोंबडीत ते सहसा टिकून असते. दोघींत फरक करायचा तर अल्ब्युमिन आणि वजन सोबत बघावे.

मोजणीच्या खोड्या बऱ्याच आहेत, त्यांतल्या ज्या रोज भेटतात तेवढ्याच सांगतो. रिफ्रॅक्टोमीटरवर दुधाळ सीरमचे प्रथिन खोटे जास्त दिसते, कारण चरबीही प्रकाश वळवते. अंड्यावरच्या पक्ष्यासाठी बाययुरेट ही रंगावरून प्रथिने मोजणारी रासायनिक पद्धत वापरावी, आणि त्यातही गढूळपणाची दुरुस्ती करणारी कोरी नळी सोबत लावावी. अल्ब्युमिनसाठी माणसाच्या तपासणीत वापरला जाणारा हिरवा रंग मानवी अल्ब्युमिनवर बसवलेला आहे. पक्ष्यात त्यावर फार विसंबू नये. अल्ब्युमिनचा आकडा महत्त्वाचा असेल तर इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगवेगळ्या पट्ट्यांत अलग करणारी तपासणी, करून घ्यावे. त्याचा दुसरा फायदा असा, की वाढ कुठे आहे ते डोळ्यांना दिसते. जुनाट संसर्गात गॅमा भाग, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन्सचा पट्टा, फुगतो, दाहात फायब्रिनोजेन आणि तीव्र प्रतिसादाची इतर प्रथिने वाढतात व अल्ब्युमिन खाली येते. अंड्यावरच्या निरोगी पक्ष्यात गॅमा शांत असते आणि फुगवटा मधल्या भागात असतो. प्लाझ्मा घेतला की सीरम हेही लिहून ठेवावे, कारण प्लाझ्मात फायब्रिनोजेन असते आणि तो एकूण आकड्यात मिसळतो. प्रत्यक्ष व्हिटेलोजेनिनच मोजायचे असेल तर नमुना गार ठेवावा आणि विकर-रोधक घालावा. हे प्रथिन नाजूक आहे, टेबलावर पडले तर तुटते. ती सोय नसेल तर प्लाझ्मातले प्रथिनबद्ध फॉस्फरस किंवा एकूण कॅल्शियम हे कामचलाऊ दर्शक म्हणून चालतात.

यावरून कोंबडी अंड्यावर आहे का हे ओळखता येते का? तिचे यकृत इस्ट्रोजेनच्या हुकमाखाली आहे का, हे खात्रीने ओळखता येते. अंडे बाहेर पडतेय का, हे नाही. हा फरक तुमच्या पाचव्या कोंबडीत समोर उभा आहे.

तिचे रक्त सांगते की अंडाशय चालू आहे, यकृत माल बनवतेय. मूत्रपिंडाच्या आजाराने असे दुधाळ सीरम आणि प्रथिने-कॅल्शियमची अशी जोडीने वाढ होत नाही. दमलेले यकृत तर इतके प्रथिन बनवूच शकले नसते. मग तीन आठवड्यांची अंडी गेली कुठे? माझ्या मते पहिली शक्यता पोटात. बलक सुटतो, पण अंडनलिकेचे तोंड तो झेलत नाही किंवा नलिकेत अडथळा असल्याने तो मागे फिरतो, आणि उदरपोकळीत पडत राहतो. अशी कोंबडी पेंग्विनसारखी ताठ उभी राहते, पोट खाली लोंबते, हाताला पिठूळ किंवा पाण्याने भरल्यासारखे लागते. दुसरी शक्यता त्या वर सांगितलेल्या रिसेप्टरच्या दोषाची; पण तो दुर्मीळ, आणि तशी कोंबडी आधीही कधी नीट अंड्यावर नसते. तुमची कोंबडी पूर्वी अंडी देत होती का ते नोंदीत बघा. तिसरी अगदी साधी शक्यता: ती मऊ, बिनकवची अंडी घालतेय आणि पिंजऱ्याच्या जाळीतून ती खाली जातायत, किंवा तीच खातेय. आधी रात्री पिंजऱ्याखाली कागद पसरा. तो सकाळी कोरा निघाला तर पोट हाताने तपासून सोनोग्राफी करून घ्या. मोकळे द्रव किंवा बलकाचे गोळे दिसले तर प्रश्न मिटला. त्याच वेळी इलेक्ट्रोफोरेसिससाठी दोन मिलिलिटर रक्त वेगळे काढा. बलकामुळे पोटात दाह सुरू झाला असेल तर अल्ब्युमिन उतरू लागलेले आणि गॅमा चढू लागलेले दिसेल, आणि तिला ठेवायचे की नाही याचा निर्णय त्यावर घेता येईल.